हळदीआधीचं पथ्य

४ ऑक्टोबर, शनिवार

शेरवानीचं माप द्यायला सिद्धेशला घेऊन डांगे चौकात गेले होते. टेलरनं शर्ट काढायला सांगितला, तर हा काढेना. "बनियनवरूनच घ्या ना." माझा बत्तीस वर्षांचा मुलगा, आणि लाजतोय कशाला? शेवटी मीच ओरडले तेव्हा काढला.

कंबरेपासून खांद्यापर्यंत चट्टे. गोल, कडेला लाल आणि खडबडीत, मधे साफ. एकात एक अडकलेल्या बांगड्यांसारखे.

टेलर भला माणूस. टेप अंगाला न टेकवता माप घेतलं. म्हणाला, "मावशी, नवरदेवाला आतून सुती अस्तर लावतो. जरीनं खाजतं." पण नंतर मागच्या मोरीत जाऊन त्यानं हात धुतले. साबणानं.

बाहेर आल्यावर विचारलं. "गजकर्ण आहे, आई. कंपनीत लाइनवरच्या निम्म्या पोरांना आहे. चाकणच्या त्या पत्र्याखाली दिवसभर घामाचा युनिफॉर्म घालून राबून बघ एकदा. उगाच मोठं करू नको."

कधीपासून? "झालं असेल वर्ष."

वर्षभर! आणि मी त्याच्या डब्यात भाजी कोणती द्यायची याचा विचार करत बसले होते.

५ ऑक्टोबर

ह्यांना सांगितलं नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळी कट्ट्यावर बसले की आमच्या उद्धवरावांच्या घरातली गोष्ट थेरगावभर.

लग्न तेवीस नोव्हेंबरला. तीन स्थळं हातची गेली तेव्हा कुठे हे जमलं. एकीला कंपनीतला मुलगा नको होता, एकीला शिफ्ट नको होत्या, एकीनं तर कारणही दिलं नाही. योगिनीनं मात्र पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुम्ही फोर्कलिफ्ट चालवता? मला बसवाल?" त्या दिवशी सिद्धेश घरी येऊन शिट्टी वाजवत भांडी लावत होता.

तिला सांगायला हवं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांब. डॉक्टरीण अगदी तरुण, योगिनीएवढी. भिंगातून पाठ बघितली. "आधी कुठली ट्यूब लावत होता?" सिद्धेश म्हणाला, "कुठलीच नाही." तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि लिहायला लागली. पोटात घ्यायच्या गोळ्या, लावायचं मलम. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात, वर कडक इस्त्री. "गोळ्या मधे सोडायच्या नाहीत. सोडल्या की दुप्पट येतं. काही त्रास झाला तर मला फोन करा, आपण बदलून देऊ."

मी विचारलं, जेवणात काय ठेवू? लसूण, खोबरेल, हळद?

"ठेवा की. घरचं जेवण चांगलंच असतं. पण जेवणानं गजकर्ण जात नाही, काकू."

लग्न आहे म्हटल्यावर ती सिद्धेशकडे वळली. "मग होणाऱ्या बायकोला सांगून ठेवा. लाजण्यासारखं काही नाही. तिला काही दिसलं तर लगेच आणा."

गाडीत मी म्हटलं, ऐकलंस ना? "सांगीन." कधी? "सांगीन म्हटलं ना. लग्न मोडायचंय का तुला?"

१३ ऑक्टोबर

गोळ्या सोडल्या त्यानं! पोटात आग होते, म्हणे. शिवाय कुणीतरी मोबाइलवर पाठवलंय की या गोळ्यांनी लिव्हर जातं.

डॉक्टरीणबाईंना फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. पण केला नाही. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचणार आहे. परवा गोळ्यांचं पाकीट ह्यांच्या हाती लागलं. "ही कसली गोळी गं?" मी म्हटलं, पित्ताची. इतक्या सहज निघालं तोंडातून. तेव्हापासून ते पाकीट घरात नकोच वाटतंय. सिद्धेशनं सोडतो म्हटल्यावर मला आधी बरं वाटलं, आणि मग भीती.

म्हटलं, बरं, जेवणानं बघू.

दुपारी मोबाइलवर एक लेख सापडला. बुरशीशी लढणारे पदार्थ. कच्चा लसूण ठेचून, उपाशीपोटी. खोबरेल. हळद आणि मिरी. आलं. दही नाहीतर ताक, बिनसाखरेचं. साखर, मैदा, बेकरीचं बंद. अगदी शेवटी लहान अक्षरांत लिहिलं होतं की हे औषधोपचाराला पर्याय नाही. ते वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

मी काही अडाणी नाही. बाबांची सगळी नोकरी पिंपरीच्या औषध कारखान्यात गेली, ज्या बुरशीपासून औषध काढतात ती वाढवण्याच्या टाक्यांवर. वारा फिरला की कॉलनीभर आंबूस, मातकट वास यायचा. पाहुणे नाक धरायचे, आम्हा मुलांना भूक लागायची! शिळ्या भाकरीवर बुरशी दिसली की आई फेकायला निघायची आणि बाबा म्हणायचे, "थांब, नीट फेक. हिच्या भावकीवर आपलं घर चालतं." त्या माणसाची मुलगी मी. मला कळायला हवं की लसणाची पाकळी कुठवर पोचते.

तरी ठेचला लसूण.

१६ ऑक्टोबर

रोज सकाळी फर्स्ट शिफ्टच्या बसआधी ठेचलेला लसूण. तोंड वाकडं करतो पण घेतो. भाकरीवर खोबरेल. डब्यात ताक. चहा बिनसाखरेचा.

संध्याकाळी पाठीला तेल लावून देते. तो लहान असताना मी त्याच्या पाठीवर बोटानं अक्षर काढायचे आणि तो ओळखायचा. 'ळ' काढला की गुदगुल्या होऊन लोळायचा. आज तेल लावताना तो एकदम म्हणाला, "आई, 'ग' काढलास का?" मी काहीच काढलं नव्हतं. चट्ट्याच्या कडेनं बोट फिरलं होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

अंबूबाईंकडे केळवण, मारुंजीला. ह्यांच्या चुलतीला मी सासूच मानते, आत्याबाई म्हणते. त्यांच्या भोवती आता बारा-बारा मजल्यांच्या इमारती उठल्यात. त्यांनी खोल्या बांधून कंपन्यांतल्या मुलांना भाड्यानं दिल्यात, पण पुरणपोळी अजून चुलीवर.

आणि सिद्धेश म्हणतो, नको!

"नवरदेव हाय का बुवा-बैरागी? पोळी न्हाई म्हन्तो! कुनी शिकीवलं?"

"डाएट आहे, आज्जी. फोटोत पोट दिसतं."

"पोट दिसंना तर काय गुडघं दिसावं? आन् तोंडाला ह्यो लसनाचा वास कसला रं? नवरी मांडवातनं पळंल."

सगळे हसले. हेही हसले. मी मान खाली घालून पोळीवर तूप घेत राहिले. केळवणाचं ताट नवऱ्या मुलानं मोडायचं नसतं. अंबूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यानं अर्धी पोळी खाल्ली. मी मनात म्हटलं, झालं, चार दिवसांचं पथ्य गेलं. म्हातारीच्या प्रेमाचा हिशोब मी साखरेत करत होते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

योगिनी फराळ घेऊन आली, एकटीच. ऑफिस हिंजवडीला, म्हणून तीन मैत्रिणींबरोबर मारुंजीत खोली घेऊन राहते. आईवडील पिंपरीत. लातूरहून आलेली माणसं. वडील वर्कशॉपवाले.

माझ्याबरोबर ओट्याशी उभी राहून शेव खात होती. "काकू, तुमच्या मुलाला सांगा. लसणाचा वास आता व्हिडिओ कॉलवर पण येतो."

मी हसले. आता सांगावं, म्हटलं. शब्दही जुळवले.

तेवढ्यात तिनंच विषय काढला. तिच्या ताईचं लग्न झालं तेव्हा मुलाच्या फिट्स लपवल्या होत्या. लग्नानंतर महिन्यानं तो ताईच्या समोर पडला. "भाऊजी चांगले आहेत हो, काकू. ताई संसार करतेय. फिट्सचं पण काही नाही, गोळी चालू आहे. पण ताई अजून त्या घरात कुणाचं काही खरं धरत नाही. सासूबाई म्हणाल्या भाजीत मीठ टाकलंय, तरी चाखून बघते."

माझे जुळवलेले शब्द तिथेच विरले. कारण आता सांगितलं तर तेही 'उशिरा' झालं होतं.

शाळेत दर शुक्रवारी सिस्टर फिलोमिना आम्हाला चॅपलमध्ये बसवायच्या. आम्ही हिंदू मुली मागच्या बाकावर, मेणबत्त्या मोजत. त्या म्हणायच्या, "केलेलं आठवतं. बोलायचं होतं आणि बोललो नाही, ते आपण सोयीनं विसरतो. पापांत तेही धरा." आज धरलंय, सिस्टर. सोडता येत नाही.

२ नोव्हेंबर

पत्रिका वाटायला सुरुवात. चट्टे तसेच.

९ नोव्हेंबर

कमी वाटतात! खांद्यावरचे दोन तर फिकट गुलाबी. उजेडात नेऊन बघितलं. म्हटलं, रे, खाज? "नाही फारशी."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाठ साफ. नुसते तपकिरी डाग राहिलेत, भाजून गेल्यासारखे. बोट फिरवलं तर खडबडीत काही लागत नाही.

दुपारभर काम करता करता गुणगुणत होते. ह्यांनी विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?" काय सांगू! माझ्या ओट्यावरच्या चार गोष्टींनी केलं ते. बाबा असते तर त्यांना फोन केला असता. म्हटलं असतं, तुमच्या टाक्यांवाचून झालं.

सिद्धेशला म्हटलं, आता तरी डॉक्टरांना एकदा दाखवू. "बरं झालंय ते दाखवायला पैसे द्यायचे?" पटलं मला. पटवूनच घेतलं.

आणि योगिनीला सांगायचं काही उरलंच नाही. जे नाही ते काय सांगायचं!

२२ नोव्हेंबर, शनिवार

घर पाहुण्यांनी भरलंय. स्वयंपाकघराचं दार लावून चार ओळी लिहिते.

आज हळद. नवऱ्याला लावलेली हळद त्याच्या अंगावरून निपटून वाटीत घ्यायची आणि तीच उष्टी हळद नवरीला न्यायची, ही आमच्याकडची रीत. कितीतरी दिवस मला याच वाटीची धास्ती होती. म्हणून पहाटे उठून मी दुसरी एक वाटी कालवून ठेवली होती. कोरी हळद, कुणाच्या अंगाला न लागलेली. पिठाच्या डब्यामागे. गडबडीत वाट्या बदलल्या तर कोणाला कळणार होतं?

सिद्धेश पाटावर बसला. अंबूबाईंनी आंब्याच्या पानांनी पायांपासून वर हळद चढवली. गुडघे, हात, खांदे. मग पाठ. उन्हात मी अगदी जवळून बघितलं. हळदीखाली काहीच नव्हतं. मला वाटलं, मी उगाच घाबरतेय. स्वतःच्या मुलाची किळस करतेय.

तरी एकदा म्हटलं, "आत्याबाई, नवरीला वेगळी नेऊ या का? ताजी कालवलीय."

"आगं बया! उष्टी हळद न्हाई गेली तर लगीन कोरडं ऱ्हातं. शाळा शिकलीस तरी येवढं कळंना?" आणि पाठीवरची सगळी हळद पानांनी निपटून त्यांनी वाटीत घेतली.

दुसरी वाटी डब्यामागेच राहिली.

पिंपरीला मीच घेऊन गेले. योगिनीच्या गळ्याला, दंडाला, गालांना माझ्या हातानं लावली. तिची आई कस्तुराबाई म्हणाल्या, "विहीणबाई, हात राखून का लावायलाव? लावा की भरपूर. लेक तुमचीच की आता."

भरपूर लावली.

२४ नोव्हेंबर

लग्न छान झालं. पाय सुजलेत. घरात सून आहे, तिच्या बांगड्यांचा आवाज आहे. मला "आई" म्हणाली. आज एवढंच.

९ डिसेंबर, मंगळवार

दोघं महाबळेश्वरहून आली. योगिनीच्या मानेवर, मंगळसूत्राखाली, एक लाल ठिपका. रुपयाएवढा. कडेनं उठलेला.

"सोन्याची ॲलर्जी असेल का, आई? माझी आई म्हणते घामोळं."

डिसेंबरात घामोळं!

मी म्हटलं, "असेल."

११ डिसेंबर

सिद्धेश आंघोळीहून येताना दारात गाठला. पाठ पुन्हा भरलीये. पूर्वीपेक्षा वाईट, पोटावरसुद्धा. मी म्हटलं, आपण पथ्य सोडलं म्हणून. पुन्हा लसूण सुरू करू.

तो पलंगावर बसला. म्हणाला, "आई, लसणानं काही झालं नव्हतं."

मग त्यानं सांगितलं. मेडिकलमधली ट्यूब. चिठ्ठी लागत नाही. लाइनवर सगळे तीच लावतात, एकाच्या लॉकरमधून दुसऱ्याच्या. लाली उतरते, खाज थांबते, बंद केली की दुप्पट येतं. वर्षभर लावत होता. दिवाळीनंतर रोज दोनदा. हळदीच्या दिवशी सकाळीसुद्धा. महाबळेश्वरला योगिनीसमोर लावता येईना, म्हणून सोडली.

"मग माझ्या हातचं का खात होतास?"

"तू इतकी खूश होतीस."

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न तो विचारला होता. मी शेजारी बसून ऐकला होता.

१४ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

हे, सिद्धेश, योगिनी, सगळ्यांना समोर बसवून. टेलरपासून हळदीपर्यंत. पिठाच्या डब्यामागची वाटीसुद्धा. सिद्धेशनं मधे तोंड उघडलं तर त्याला म्हटलं, तुझं तू नंतर सांग.

योगिनीनं मानेला हात लावला नाही, काही नाही. नीट ऐकून घेतलं.

"गजकर्णाचं काही नाही हो, आई. माझ्या ऑफिसात चार मुलींना आहे. मला सांगितलं असतं तर मी टॉवेल वेगळा ठेवला असता, झालं." मग म्हणाली, "ताईच्या सासरचे म्हणाले होते, आम्हाला वाटलं लग्नापर्यंत बरं होईल. तुम्ही काय म्हणणार आहात?"

मी म्हटलं, "तेच."



हे उठून गॅलरीत गेले. मी मागोमाग गेले तर पाठमोरेच बोलले. इतकी वर्षं शहरात काढून ह्यांची बोली बदलली, पण दुखावले की गावची येते. "मला बी न्हाई सांगितलंस."

१८ डिसेंबर

योगिनी मारुंजीच्या खोलीवर गेली. भाडं जानेवारीअखेरपर्यंत भरलेलं आहे आणि तिथून ऑफिस जवळ पडतं, असं म्हणाली. बॅग लहानच नेली. मी त्यातच आशा शोधतेय.

सिद्धेश डॉक्टरीणबाईंकडे स्वतः गेला. नव्या गोळ्या. ह्यांनाही तपासून आणलं, मलाही. ट्यूब त्यानं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. त्या रागावल्या नाहीत, म्हणे. "ड्रॉवर भरलाय माझा अशा ट्यूबांनी," म्हणाल्या. त्यानं हळदीचं विचारलं. "हळदीनंच झालं असं कशाला? एका पांघरुणात झोपलात, पुरे आहे." सिद्धेशनं हे मला धीर द्यायला सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे तिच्या गळ्यावरून फिरणारा माझाच हात येतो.

२२ डिसेंबर

सिद्धेशबरोबर तिच्यासाठी डबा दिला. मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी, ताक. लसूण मुद्दाम घातला नव्हता.

डबा परत आला, तसाच. वर फडकं मी बांधलं होतं तसंच बांधलेलं.

२६ डिसेंबर

अंबूबाईंचा फोन. त्यांच्या खोल्यांपासून योगिनीची इमारत दोन गल्ल्या पुढे. दुकानात दिसली, म्हणाल्या. "पोरगी वाळलीया. काय केलंसा गं तिला?"

मी सांगून टाकलं त्यांनाही. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "तू वायली वाटी काडली व्हतीस. म्याच न्हाई म्हन्ले." मी म्हटलं, नाही आत्याबाई, तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं.

१ जानेवारी

ह्यांनी सकाळी माझ्यासाठी चहा केला. साखर घालून.

५ जानेवारी, सोमवार

काल योगिनीचाच फोन आला. "आई, ते पसरतंय. तुमच्या त्या डॉक्टरांकडे याल का माझ्याबरोबर?" आज सिद्धेश शिफ्टला होता. मी एकटीच गेले.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहायला घेतल्या आणि लिहिता लिहिता विचारलं, पाळी कधी आली होती? योगिनी आठवायला लागली. आठवता आठवता बोटांवर दिवस मोजायला लागली. खालच्या लॅबमध्ये लगेच तपासणी झाली. बाईंनी चिठ्ठीवरची गोळ्यांची ओळ खोडली. आता बाळ होईपर्यंत पोटात काही नाही. नुसतं मलम, आणि धीर.

रिक्षात ती बाहेर बघत होती. हात मानेकडे जायचा, परत मांडीवर यायचा. डांगे चौकाच्या सिग्नलला म्हणाली, "मग आता मी काय खायचं, आई?"

लसूण, खोबरेल, हळद, सगळं जिभेवर आलं होतं.

म्हटलं, "तुला काय खावंसं वाटतंय, ते सांग."